राहिलेल्यांचा दोर

हार्कबेक, यॉर्कशायर
रविवार, ८ मार्च १९८७

प्रिय रूबेन,

आधी तुझे गुडघे कसे आहेत ते सांग. मग खोकला. व्हिटबीचा समुद्रवारा छातीला चांगला असं लोक म्हणतात, पण म्हणणारे सगळे उन्हाळ्यात चार दिवस येऊन परत जाणारे असतात. बोसन नीट जेवतो का? कुत्र्याला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून ते बिचारं दाराकडे बघत बसतं. शेजारच्या मिसेस पेलच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, आणि त्या अजून शुक्रवारी मासे आणून देतात का? गिल्बर्टच्या बहिणीनं नंतर कधी फोन केला? होडी ठेवलीस की विकलीस? झालं, सगळ्यांचं विचारून झालं. आता गुडघे आणि खोकला वजा करून उरलेला तू कसा आहेस?

नाताळच्या कार्डावर तू दोनच वाक्यं लिहिलीस. ‘गिल्बर्ट नोव्हेंबरात गेला. मी ठीक आहे.’ पहिल्यावर माझा विश्वास बसला. दुसऱ्यावर नाही. त्यावर मी लिहिलेल्या पत्राला तुझं उत्तर नाही, त्याचंही मी काही मनात धरलेलं नाही. अशा वेळी पेन हातात धरवत नाही, हे मला ठाऊक आहे.

इकडे सगळं बरं आहे. फिलिपचं दुकान चालतंय. सूनबाई शहाणी आहे, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. कोंबड्यांनी थंडीत संप केला होता, तो आता मिटला. येत्या एप्रिलात क्लेमंटला जाऊन दोन वर्षं होतील. मी अजून चहा दोघांचा टाकते आणि दोघांचा मीच पिते. कोणाचं काही बिघडत नाही.

आता मुद्द्याचं. मला रस्सीखेच शिकव.

हसू नकोस. मी एकोणसत्तर वर्षांची आहे आणि माझं डोकं ठिकाणावर आहे. आपल्या गावात जून महिन्यात ओढ्याच्या उतारावर जोडीचे विरुद्ध सडे असा दोर ओढला जातो, जिंकणारे कोरडे राहतात आणि हरणारे पाण्यात पडतात, हे तुला मी सांगायला नकोच. पण मला राग आला की मी सगळं पहिल्यापासून सांगते, तुला माहीत आहे.

गेल्या जूनला, क्लेमंट गेल्यानंतर पहिल्यांदाच, मी नेहमीसारखी जोडीच्यांच्या रांगेत उभी राहिले. पुढून तिसरी, जिथे लग्न झाल्यापासून उभी राहत आले तिथे. दोरानं बोट सोलू नये म्हणून अंगठीवर पट्टी गुंडाळलेली. तेवढ्यात थ्वेट मास्तर हातात पाटी घेऊन आले. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांच्या हातातली पाटी काही सुटलेली नाही. अगदी हळू आवाजात म्हणाले, “डॉर्कस, तू जरा पलीकडे येतेस का?”

“पलीकडे काय आहे?”

“सडे.”

सगळी रांग स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली. माझा फिलिपसुद्धा. मास्तर वाईट माणूस नाहीत. नियमात दोनच संघ आहेत, आणि ज्याची जोडी नाही तो सडा. त्यांनी नियम पाळला. मीही भांडले नाही, गेले पलीकडे. तिथे सगळी मिसरूड फुटलेली पोरं. एकजण म्हणतो कसा, “आजी, माझ्या पुढे उभ्या राहा, पडलात तर झेलतो.” मी म्हटलं, “मेल्या, तुझा बाप पाळण्यातून पडला तेव्हा मी झेललाय.” हशा पिकला. मग आम्ही हरलो आणि मी अंगठीसकट पाण्यात गेले.

त्याचं काही नाही, कपडे वाळतात. पण रात्रीच्या जेवणाला दोनच लांब टेबलं असतात, आणि मला सड्यांच्या टेबलाच्या टोकाला बसवलं. माझ्याशेजारी जिल कॅल्व्हर्ट. तिला तू पाहिलेलं नाहीस. एकोणतीस वर्षांची आहे, तिचा नवरा दगडाच्या खाणीत गेला. समोरची पोरं तिला बिअर पाजायला टपलेली, डोळे मिचकावताहेत, आणि ती ताटातल्या वाटाण्यांना काट्यानं रांगेत लावतेय. एकही खाल्ला नाही. तेव्हा माझ्या मनानं घेतलं.

सडं असण्यात वाईट काहीच नाही. तू जन्मभर सड्यांचा शेवटचा गडी होतास, आणि तुझ्या जिवावर ते तीनदा जिंकले. पण मी सडी नाही रे. मी कोणाची तरी बायको होते आणि अजून आहे. एका माणसाबरोबर घालवलेलं सगळं आयुष्य पाटीवरून पुसलं जातं आणि मी पुन्हा अठरा वर्षांची होऊन पोरांच्या रांगेत उभी राहते, हे मला मान्य नाही. या वर्षी आमचा वेगळा संघ असेल, आणि वेगळं टेबल. तो मी करणार. आणि करायचाच तर पाण्यात पडायला नाही करायचा.

दोर तुझ्याइतका या खोऱ्यात कोणाला कळत नाही. अठरा वर्षांपूर्वी तुझ्या बुटांना खिळे होते की नव्हते यावर मी आज एक शब्द काढणार नाही. निकाल फिरवला, तू दोर टाकून चालता झालास, ते आजतागायत. बूट हे निमित्त होतं एवढं मला तेव्हाही कळत होतं. ते राहू दे.

दोर कसा धरायचा तेवढं लिही.

तुझी बहीण,
डॉर्कस

रविवार, ५ एप्रिल

प्रिय रूबेन,

चार पानं! आणि चारही पानं दोरावर. वर ‘प्रिय डॉर्कस’ लिहायचं विसरलास आणि खाली सहीसुद्धा नाही, पण अक्षर तुझंच आहे, गाईच्या पायाखाली आल्यासारखं. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि मग संघाला वाचून दाखवलं.

हो, संघ झाला. कसा झाला ते ऐक.

समितीच्या बैठकीत मी उठले आणि म्हटलं, आम्हाला तिसरा संघ हवा. थ्वेट मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “डॉर्कस, जोडीचे असतात, सडे असतात. ही माणसांची वर्गवारी झाली. तुम्ही म्हणता ती अवस्था आहे. दुःख आहे. दुःखाचा संघ कसा करायचा?”

मी काही शिकलेली नाही. गिरणीत कामाला होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत वाचनालयातलं एक व्याकरणाचं पुस्तक वाचायचे, तेवढंच माझं कॉलेज. पण त्यातलं एक पान माझ्या डोक्यात कायमचं राहिलंय. आपल्या इंग्रजीत ‘द’ एवढासा शब्द पुढे लावला की गुणाचा माणूस होतो. द पुअर, द सिक, द ओल्ड. नुसतं म्हातारपण होतं, ते काठी घेऊन उभं राहतं. आणि त्यातली गंमत अशी, की तो शब्द कधीच एकट्यादुकट्याचा होत नाही. द ओल्ड म्हटलं की सगळे म्हातारे आले. एकाच म्हाताऱ्याला ते नाव लावता येत नाही. हे वाचलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. त्या दिवशी बैठकीत जिलकडे बघितलं आणि वाटलं, ही घरी बसते ती एकटी, मी घरी बसते ती एकटी, म्हणून आम्हाला नाव नाही. एकत्र उभ्या राहिलो की आपोआप येईल.

हे मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “हे फार छान आहे, पण हे नियमात नाही.”

तेव्हा मागून एमॉस सग्डन बोलला. तुझा एमॉस, दोर सांभाळणारा. बायको गेल्यापासून तो कुठल्याच बैठकीत तोंड उघडत नाही. तो म्हणाला, “मास्तर, दोर कुठे असतो?”

“तुझ्या घरी. पेटीत.”

“आणि पेटीवर कोण बसतं?”

“कोण बसतं?”

“आजपासून मी बसतो. मी उठलो नाही तर जूनमध्ये तुमचे जोडीचे काय ओढणार? सुतळी?”

सगळं सभागृह फुटलं हसून. खाटीक हार्कर, जोडीच्यांचा शेवटचा गडी, ओरडला, “म्हाताऱ्या, मी तुला पेटीसकट उचलून नेईन!” एमॉस म्हणाला, “ये की. तुझ्या बापालाही मी जड गेलो होतो.” दोर सांभाळणारा एकदा नेमला की तो मरेपर्यंत, हा नियम आहे, आणि नियमाबाहेर जाणं मास्तरांना जमत नाही. ते स्वतःच्याच नियमात अडकले. शेवटी म्हणाले, “बरं. नाव काय लिहू?”

नावावरून अर्धा तास गेला. मास्तरांनी एक शोकाकुल नाव सुचवलं, ते ऐकून एमॉस म्हणाला हे तर शवपेट्यांच्या दुकानावर लिहितात. कोणी म्हणालं द ओल्ड म्हणा, तर जिल म्हणाली, “मी अजून केस रंगवत नाही हो!” विधवा-विधुर म्हणावं तर त्यात समोरच्याचं मरणच तेवढं दिसतं, आमचं काही दिसत नाही. मग बेथिया कर्शॉ बोलली. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, दोन नवरे पुरलेत, ऐकू येत नाही म्हणते पण सगळं ऐकते. म्हणाली, “ते गेले. आपण राहिलो. राहिलेले लिही आणि चहा आण.”

मास्तरांनी खडूनं लिहिलं, राहिलेले. खाली नियम लिहिला तोही बेथियानंच सांगितला तसा: ज्यांचं माणूस गेलं आणि जे राहिले, ते. हार्कर म्हणाला यात लग्नाचा दाखला वगैरे काही नको का. बेथिया म्हणाली, “रडायला दाखला लागला होता का कोणाला?”

आठवड्यातून दोनदा सराव ठरलाय. तुझी चार पानं हाच हुकूम. टाचा, वाकणं, श्वास, सगळं करतो. तिसऱ्या पानावरचं ‘लगाम’ की ‘लगीन’, ते कोणालाच वाचता आलं नाही. खुलासा कर.

बोसनला गोंजार.

डॉर्कस

रविवार, १० मे

प्रिय रूबेन,

‘लगेच’ होतं होय ते! ‘लगेच ओढू नका.’ आम्ही महिनाभर उलटंच करत होतो.

आमचा सराव बघायला अर्धा गाव कुंपणावर बसतो. पहिल्या दिवशी दोराचं दुसरं टोक एमॉसच्या ट्रॅक्टरला बांधलं. ट्रॅक्टर बंद, म्हणून निर्धास्त. पण तो उतारावर होता आणि एमॉस ब्रेक लावायचा विसरला होता. ट्रॅक्टर आपला हळूहळू निघाला ओढ्याकडे आणि आम्ही सात जण त्याच्यामागे. कुंपणावरून हार्कर म्हणाला, “शाबास! निदान दिशा तरी बरोबर धरलीत!” माझा फिलिप हसून हसून खाली पडला. त्याला म्हटलं, आपल्याच आईला हसतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, “आई, जूनमध्ये मी समोर असेन. आत्ताच माघार घे, सर्दी होईल.” त्याला रात्री जेवायला वाढलं, पण पुडिंग दिलं नाही.

पण दुसऱ्या पत्रात तू जे लिहिलंस त्यानं सगळं बदललं. तू म्हणतोस, तुम्हाला ओढायचंच नाही. तरण्यांशी ओढण्यात तुम्ही कधीच जिंकणार नाही. तुम्ही फक्त सोडू नका. टाचा रोवा, मागे रेला, आणि ते ओढून ओढून दमेपर्यंत तसेच राहा. त्यांचा दम सुटला की एक पाऊल. पुन्हा राहा. पुन्हा एक पाऊल.

हे मी वाचून दाखवलं. मग जिल म्हणाली, “एवढंच ना? एवढंच तर करतेय मी तीन वर्षं.” आणि दोर धरला. रूबेन, त्या दिवसापासून आमच्यात फरक पडला. आता ट्रॅक्टरला ब्रेक लावतो आणि दोर ताणून नुसतं धरून ठेवतो. बेथिया काठावर खुर्ची टाकून बसते आणि ओरडते, “राहा!” मग बराच वेळ काही नाही. मग, “पाऊल!” तिचा आवाज ऐकून गुरं उभी राहतात. जिलला परवा कुंपणावरच्या एका पोरानं शीळ घातली, तर तिनं दोर न सोडता अशी एक शिवी हासडली, की बेथियानं तिला दोन पेनी बक्षीस दिले.

अडचण एकच. आम्ही सातच आहोत आणि संघ आठांचा. पोस्टमन होता आठवा, पण त्याची कंबर धरली, डॉक्टर नाही म्हणाले. सातांनी उतरता येतं, पण शेवटचा गडी नाही. एमॉस शेवटी उभा राहतो, पण तो पाठीनं नाही, तोंडानं ओढतो.

शेवटच्या जागेला माणूस हवा. अंगाभोवती दोर घेऊन उभा राहील तर खांबासारखा राहील असा. नियमात काय लिहिलंय ते तुला मी मागच्या पत्रात कळवलंच आहे. शब्द न् शब्द वाच.

मी आणखी काही म्हणत नाही.

डॉर्कस

रविवार, ३१ मे

प्रिय रूबेन,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ. ‘मी त्यात बसत नाही, तुला माहीत आहे.’

मला माहीत आहे. काय माहीत आहे ते आता लिहिते, म्हणजे त्यावर आपलं बोलून होईल.

तुझ्याकडे मी एकदाच आले होते, क्लेमंट पार्सलगाडी घेऊन व्हिटबीला आला होता त्या वर्षी. तू दारात होतास, बाहेर वारा होता, आणि गिल्बर्ट माझ्याशी होडीच्या रंगाबद्दल बोलत बोलत तुझ्या गळ्याभोवती मफलर गुंडाळत होता. तो तुझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. हातांना पाठ होतं. गाठ मारली, टोक आत खोचलं, आणि बोलणं कुठे तुटलं नाही. एखाद्याच्या गळ्याला मफलर न बघता बांधता येतो तो किती वर्षांनी, हे मला ठाऊक आहे, कारण मी क्लेमंटच्या बाह्यांची बटणं तशीच लावायचे.

परतीच्या वाटेवर क्लेमंटनं गावाबाहेर गिअर बदलला. मग म्हणाला, “चांगली जोडी आहे.” एवढंच. तो त्यानंतर त्यावर बोलला नाही, पण बोलला ते हे बोलला. मी आज तुला सांगते, कारण तो सांगायला नाही.

तू आमच्या नियमात बसतोस की नाही हे हार्कर ठरवणार नाही आणि मास्तरही नाहीत. नियमाची मालकीण बेथिया कर्शॉ. मी तिला तुझ्याबद्दल काहीही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, नियमात लिहिलंय ‘ज्यांचं माणूस’, तर ते माणूस कोण असावं लागतं? ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं खरंच ऐकू आलं नाही. मग म्हणाली, “ज्याच्यासाठी दुसरा कप काढावासा वाटतो ते.”

आता यावर मी काय बोलू?

२० जूनला, शनिवारी, दुपारी दोनला. आलास तर ये. नाही आलास तरी बहीण आहेच. गुडघ्यांना तेल लाव.

डॉर्कस

रविवार, २१ जून

अरे रूबेन!

जिंकलो! जिंकलो! हे तुला माहीतच आहे, तरीपण लिहू दे. काल रात्रीपासून मी हे चार जणांना फोनवर सांगितलंय आणि कोंबड्यांनाही सांगितलंय.

तू शेवटी उभा होतास. तुला आमच्या पाठीच दिसल्या असतील. पुढून कसं दिसलं ते मी सांगते.

तू पुलावर टोपी खाली ओढून उभा होतास तेव्हा मी तुला पाहिलं नव्हतं. तिनातली पहिली ओढ आम्ही हरलो हे तू पाहिलंस. जोडीच्यांनी सड्यांना आधीच लोळवलं होतं, रक्त चढलेलं होतं त्यांना. आम्ही सात. एमॉसचा पाय घसरला आणि सगळेच पाण्यात. फिलिप काठावरून म्हणाला, “आई, टॉवेल आणू?” मी पाण्यातून म्हटलं, “स्वतःसाठी आण, लागेल.” पण खरं सांगू, मनातून माझं पाणी पाणी झालं होतं. वाटलं, हरलो तर पुढच्या वर्षी हे लोक म्हणतील, झाली ना हौस? मग पुन्हा सड्यांच्या टेबलाचं टोक आणि जिलच्या ताटातले ते वाटाणे.

मग माझ्यामागे कोणीतरी कोट काढून गवतावर टाकला. मी वळले. तू दोर अंगाभोवती घेत होतास, काखेतून, पाठीवरून, खांद्यावरून, आपल्या वडिलांसारखा. पहिल्या ओढीनंतर रिकामी जागा भरता येते, हे नियमात आहे. मास्तर पाटी घेऊन आले. अठरा वर्षांनी तुला बघून त्यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, “कोणत्या... म्हणजे... कोणाकडून?”

तू म्हणालास, “राहिलेल्यांतला.”

मास्तरांनी आधी तुझ्या बुटांचे तळवे बघितले. (मला हसू आवरेना.) मग लिहिलं.

दुसरी ओढ. बेथिया म्हणाली, “राहा!” आणि आम्ही राहिलो. समोर हार्करचं तोंड आधी लाल, मग जांभळं, मग त्याच्याच दुकानातल्या काळजासारखं झालं. तो ओरडत होता, “ओढा! म्हाताऱ्या आहेत त्या!” जिल माझ्यापुढे दात आवळून म्हणत होती, “ओढ बाबा ओढ, मला वेळच वेळ आहे.” दोर थरथरत होता पण सरकत नव्हता, कारण त्याच्या टोकाला तू होतास. मग फिलिपनं श्वास घ्यायला तोंड उघडलं. आईला आपल्या लेकराचा श्वास कळतो. मी पुटपुटले, “आत्ता.” आणि बेथियानं तेव्हाच हाक दिली, “पाऊल!”

एक पाऊल. राहा. एक पाऊल. राहा. जोडीचे एकामागून एक पाण्यात. सगळ्यात शेवटी हार्कर. त्याच्या पडण्यानं जेवढं पाणी उडालं तेवढं या उन्हाळ्यात अजून पडलेलं नाही.

तिसऱ्या ओढीचं काय सांगायचं? त्यांची हिंमत दुसऱ्यातच बुडाली होती. ती संपली तेव्हा काठावरचा सगळा गाव ओरडत होता, सडेसुद्धा. सड्यांनी तर जिलला खांद्यावर घेतलं आणि तिनं त्यांना घेऊ दिलं, कारण आता ती त्यांच्यातली नव्हती. फिलिप चिखलातून येऊन माझ्या गळ्यात पडला. “आई, टॉवेल आहे का गं?”

आणि या सगळ्यात मी तुला शोधायला वळले, तर कोट नव्हता. बस गेल्याचं एमॉसनं सांगितलं.

मी रागावलेली नाही. तू का गेलास ते मला कळतं. दोर धरायला माणूस येतो, पण रात्री जेवणाला खुर्ची कुठे, शेजारी कोण, कोण काय विचारेल, त्याची धास्ती दोरापेक्षा जड असते. म्हणून जेवणाचं तुला सांगायलाच हवं. तू गेलास आणि खरी गोष्ट त्यानंतर झाली.

सभागृहात तीन टेबलं होती. तिसरं आमचं. मास्तरांनी स्वतः पांढरी चादर घातली होती आणि सगळ्यांआधी हॅम आमच्याकडे आणलं. आठ खुर्च्या, सात भरलेल्या. बेथिया वेगळी, टेबलाच्या डोक्याशी, आपल्या घरच्या खुर्चीत. जिलनं वाटाणे दोनदा घेतले.

जेवणानंतर ग्लास उचलायची वेळ आली. जोडीचे एकमेकांकडे बघून पितात, सडे नशिबाच्या नावानं पितात, हे दरवर्षीचंच. मग सगळे आमच्याकडे बघायला लागले, कारण आमचं काय ते ठरलेलंच नव्हतं. मी बेथियाकडे बघितलं. ती काठी टेकून उभी राहिली. म्हणाली, “टॉमस. आणि दुसरा जॉर्ज.” प्यायली आणि बसली.

मग कुठून तरी, मला वाटतं सुनेच्या बाजूनं, हळूच आलं, “टॉमस. जॉर्ज.” आणि मग सगळ्यांनीच म्हटलं.

एमॉस उठला. “मे,” त्यानं बायकोचं नाव घेतलं, आणि त्याच्या हनुवटीचं जे व्हायचं ते झालं. सगळं सभागृह म्हणालं, “मे.” जिल उठली. “डेव्हिड.” तिच्या मागं सड्यांच्या टेबलावरची पोरं सगळ्यात मोठ्यानं म्हणाली, डेव्हिड. मी उठले आणि क्लेमंटचं नाव घेतलं, आणि समोर फिलिपनं ते परत म्हटलं तेव्हा त्याचा आवाज अगदी त्याच्या बापाचा होता. असं करत दोरावरचे सातही झाले.

आठवी खुर्ची राहिली. सगळ्यांना दिसत होती. मास्तर पाटीकडे बघत होते.

मी पुन्हा उठले. ग्लास उचलला आणि म्हटलं, “माझ्या भावासाठी. गिल्बर्ट.”

मग हार्करनं मान वर केली. त्याचे केस अजून ओले होते. म्हणाला, “गिल्बर्ट कोण?” खवचटपणे नाही रे, खरंच विचारलं त्यानं.

बेथिया म्हणाली, “जे नाव आत्ता घेतलं ते. तुला म्हणता येत नाही का?”

हार्कर तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग त्या खुर्चीकडे, जिच्यात बसायला हवं होतं त्या माणसानं त्याला दुपारी दोनदा पाण्यात घातलं होतं. उठून उभा राहिला, बाकी कोणासाठी उठला नव्हता. ग्लास उचलला आणि खाटकाच्या त्या दांडग्या आवाजात म्हणाला, “गिल्बर्ट.”

आणि मग सगळं सभागृह, रूबेन. जोडीचे, सडे, राहिलेले, पोरं, वाढणाऱ्या बायका, दाराशी उभे असलेले. सगळ्यांनी मिळून. खिडकीच्या काचा वाजल्या. मी आजवर या गावात कोणाचं नाव इतक्या मोठ्यानं घेतलेलं ऐकलेलं नाही.

नंतर कोणी काही विचारलं नाही. हार्करनं तुझ्यासाठी पार्सल करून दिलंय, हॅमचं. बोसनसाठी एक हाडूकही टाकलंय. ते उद्याच्या टपालानं निघेल, दारात असशील तर बरं.

पुढच्या वर्षी त्या खुर्चीत तू बसशील आणि ते नाव तू स्वतः घेशील. मी तुझ्या शेजारी असेन, पण उठणार नाही.

आता एक काम. जिंकलेल्या आठांची नावं सभागृहाच्या भिंतीवरल्या फळीवर रंगवतात. सात लिहून झाली. तुझं नुसतं आर. आल्डर्सन लिहायचं की सबंध रूबेन आल्डर्सन, असं मास्तर विचारतात. मी म्हटलं सबंध लिहा, तर म्हणाले ज्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. शिडी तशीच ठेवून, रंगाचा डबा उघडा ठेवून बसलेत, आणि उघडा राहिला की रंग सुकतो.

तेव्हा आळस करू नकोस. आजच्या आज लिही.

तुझी बहीण,
डॉर्कस